‘घेत’ म्हणजे लबाड

ताई,

मी मूळची कराडची. पुण्यात नोकरीला असताना माझ्या व्हिएतनामी सहकाऱ्याशी लग्न झालं आणि तीन वर्षांपूर्वी मी हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, आले. बिन्ह थान्ह भागात एका ‘हेम’मध्ये, म्हणजे बोळात, आम्ही सासूबाईंबरोबर राहतो. मुलगी दहा महिन्यांची आहे. घराचं दार दिवसभर उघडं. शेजारणी न विचारता आत येतात, बाळाला उचलतात, माझं वय, वजन, नवऱ्याचा पगार, दुसरं मूल कधी, सगळं विचारतात. मागच्या आठवड्यात समोरच्या यी साऊ बाळाचा गालगुच्चा घेऊन मोठ्यांदा काहीतरी म्हणाल्या. तो शब्द मोबाइलवर टाकून पाहिला तर अर्थ आला, ‘तिरस्कार’. मी बाळाला त्यांच्या हातातून काढून घेतलं, वर गेले आणि दार लावलं. तेव्हापासून सासूबाई कामापुरतंच बोलतात. नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस. मला थाओ दिएनमध्ये फ्लॅट घ्यायचाय, तिथं भारतीय कुटुंबं आहेत. तो तयार नाही. दोन महिन्यांनी बाळाचा पहिला वाढदिवस आहे आणि माझी आई येतेय. ती माळकरी. या घरात नुओक मामशिवाय, त्या माशांच्या पाण्याशिवाय, काही शिजत नाही. कराडला गेले की मी ‘व्हिएतनामवाली’ आणि इथं ‘ती इंडियाची’. बाहेर पडावं का इथून? आणि माझी लेक मला आई म्हणेल का?

– सायगॉनहून एक सून

---

अगं, तू मला ‘ताई’ लिहिलंस म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते. सायगॉनमध्येही बोलणं असंच सुरू होतं. आधी कोण मोठं, कोण धाकटं ते ठरतं आणि मग पहिलं वाक्य तोंडातून निघतं. हे लक्षात ठेव, मला पुन्हा त्याच्याकडे यायचंय.

पण आधी यी साऊंचं. त्या बहुधा ‘थाय घेत’ म्हणाल्या असतील. ‘घेत’चा कोशातला अर्थ तिरस्कार वाटणं हाच आहे, मोबाइलनं तुला खोटं सांगितलेलं नाही. मात्र दक्षिण व्हिएतनाममधली बाई गुबगुबीत बाळाचा गाल ओढून ‘घेत’ म्हणते, तेव्हा ती ‘लबाड कुठली’ म्हणत असते. आपल्याकडच्या आज्या ‘गुलाम गं गुलाम’ म्हणून नातवंडाचे मुके घेतात, तसंच. दोन महिन्यांनी तुझ्या आईनं बाळाला ‘गुलाम’ म्हटलं आणि तुझ्या नवऱ्यानं तो शब्द मोबाइलवर टाकून पाहिला, तर त्याच्या पोटात कसा गोळा येईल, याचा विचार कर.

असं उलटं बोलण्यामागचं कारणही तुझ्या ओळखीचं आहे. तान्ह्या बाळाचं तोंडावर कौतुक केलं की वाईट नजर पडते, अशी तिथं जुन्या माणसांची समजूत आहे. म्हणून ‘किती गोड’ म्हणायच्या जागी ‘किती वाईट’ म्हणायचं. बाळाला घरी हाक मारायला मुद्दाम साधंसुधं, कधी ओबडधोबड नाव ठेवायचं, म्हणजे भुताखेतांना त्याच्यात रस वाटणार नाही. तेओ, ती, कू ही तसली नावं. आपल्या धोंडू, दगडू, केरू या नावांमागे दुसरं काय होतं? तुझी आजी तीट लावायची, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. यी साऊंनी त्यांच्या पद्धतीनं तुझ्या लेकीची दृष्टच काढली, आणि तू तिला त्यांच्या हातातून ओढून घेतलंस. सासूबाई का गप्प झाल्या ते आता तुला कळेल. तुझा रागही मला खोटा वाटत नाही. अर्थ ‘तिरस्कार’ असा दिसल्यावर कुठलीही आई तेच करेल.

चूक कुणाची असेल तर मी ती तुझ्या नवऱ्याच्या पदरात घालते, थोडी तरी. तो पुण्यात राहिलाय, त्याला दोन्हीकडचं माहीत आहे. ‘मनाला लावून घेतेस’ हे उत्तर झालं नाही. त्यानं त्याच संध्याकाळी खाली जाऊन आईला सांगायला हवं होतं की, हिला त्या शब्दाचा असा अर्थ दिसला, म्हणून ही घाबरली. एवढं एक वाक्य. त्याला अजूनही उशीर झालेला नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव आणि हे काम त्याचं आहे असं सांग. तुझ्या मोडक्या व्हिएतनामीत तू ते सांगायला गेलीस तर आणखी गुंता होईल.

आता तुझं खरं दुखणं. पत्रातल्या एका वाक्याशी मी बराच वेळ थांबले. तीन वर्षांत हेममधल्या बायकांनी तुला काय काय विचारलं त्याची तू यादी दिलीस, पण तू त्यांना काय म्हणून हाक मारतेस आणि त्यांच्याशी बोलताना स्वतःला काय म्हणतेस, हे कुठं लिहिलं नाहीस. यी साऊ हे नाव तेवढं आलं, तेही घरातल्यांचं ऐकून उचललेलं असणार. तू नवऱ्याशी इंग्रजीत बोलत असशील, बाहेर मोबाइलवर शिकलेलं ‘तोय’ आणि ‘बान’ वापरत असशील. मीही तेच केलं होतं. 2008 साली आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी तिकडे गेलो, फू न्युआनच्या एका बोळात घर भाड्यानं घेतलं आणि पुढं अकरा वर्षं तिथंच राहिलो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईशी मी पहिले आठ महिने ‘तोय’ म्हणून बोलले. ‘तोय’ म्हणजे ‘मी’, पुस्तकात पहिल्याच धड्यात असतो. ती भाव बरोबर सांगायची, सुटे पैसे मोजून द्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एके दिवशी घरमालकिणीच्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की, मी बोलते ते कचेरीतल्या अर्जासारखं वाटतं. आईच्या वयाच्या बाईशी बोलताना स्वतःला ‘कॉन’ म्हणायचं. कॉन म्हणजे लेकरू.

मी दुसऱ्या दिवशी भीतभीत ‘कॉन’ म्हटलं. त्या बाईनं पिशवीत पातीच्या कांद्याची जुडी आणि मूठभर मिरच्या न मागता टाकल्या. मंडईत ओळखीची बाई कोथिंबीर आणि कढीपत्ता टाकते, तशाच.

मराठीत आपण समोरच्याला काका, मावशी, दादा काहीही म्हणू, आपला ‘मी’ मात्र जागचा हलत नाही. व्हिएतनामीत तोही हलतो. सासूसमोर तू कॉन, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीसमोर ‘ची’ म्हणजे ताई, मोठ्या जावेसमोर ‘एम’ म्हणजे धाकटी. समोर कोण उभं आहे ते ठरल्याशिवाय ‘मी’ कोण ते ठरत नाही. म्हणून तर ते आल्या आल्या वय विचारतात. कधी कोणत्या प्राण्याच्या वर्षात जन्मलीस असंही विचारतात, तोही वयाचाच हिशोब. त्यात भोचकपणा शोधू नकोस, तुला कुठल्या जागी बसवायचं ते बघत असतात बिचाऱ्या. (पगार आणि दुसरं मूल हा भोचकपणाच आहे. तो कराडलाही होतो, आणि तिथं तू जे हसून टाळतेस तेच इथं टाळ.) तू तीन वर्षं ‘तोय’ म्हणत राहिलीस, म्हणजे त्यांनी मांडलेल्या पाटावर बसलीच नाहीस. मग त्यांनी तुला ‘ती इंडियाची’ म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायला तू त्यांच्या हाती दिलं नव्हतंस.

आणि तुझ्याइतकं हे सोपं क्वचितच कुणा परदेशी सुनेला असेल. इंग्रज किंवा अमेरिकन मुलीला अंकल-आँट या दोन डब्यांत सगळं कोंबायची सवय असते. तुझ्याकडे सगळे कप्पे आधीपासून आहेत. वडिलांचा धाकटा भाऊ ‘चू’, तो काका. थोरला असेल तर ‘बाक’, आपल्याकडे त्याला थोरले काका म्हणतो तसा. आईचा भाऊ ‘कौ’, मामा. वडिलांची बहीण ‘को’, आत्या. आईची बहीण ‘यी’, मावशी. काकू ‘थीम’, मामी ‘मऽ’. उत्तरेत, हनोईकडे, यातलं काही बदलतं, तिथं आईच्या थोरल्या बहिणीलाही ‘बाक’ म्हणतात. पण तुझ्या सायगॉनमध्ये हे मराठी नात्यांवर जवळजवळ जसंच्या तसं बसतं. यी साऊ म्हणजे साऊमावशी. शेजारच्या बाईला मावशी म्हणायला तुला कुणी शिकवावं लागेल का?

‘साऊ’ हे नाव नव्हे, आकडा आहे, सहा. दक्षिणेत थोरल्या अपत्याला एक म्हणत नाहीत, दोनपासून मोजतात. थोरला ‘हाय’ म्हणजे दोन, दुसरा ‘बा’ म्हणजे तीन. तेव्हा यी साऊ, किंवा त्यांचा नवरा, घरातलं पाचवं अपत्य. कारण नवऱ्याचा आकडा बायकोला मिळतो. तुझा नवरा कितवा आहे ते तू लिहिलं नाहीस. दुसरा असेल तर तू त्या हेममधली ‘बा’ आहेस, कुणाची ची बा, कुणाची थीम बा, कुणाची मऽ बा. तीन वर्षं हा हुद्दा तुझी वाट बघत पडलाय.

सासूबाईंना तू काय म्हणतेस? ‘मा’ म्हणत असशील तर सूर नीट वर चढव. चढत्या सुरातलं ‘मा’ म्हणजे आई, सपाट सुरातलं म्हणजे भूत, आणि खाली दाबून म्हटलंस तर भाताचं रोप. सांगण्यात हसू येईल, पण तीन वर्षं सपाट सुरात हाक मारली जात असेल तर सासूच्या कानाला ते रोज टोचतं. आणि प्रत्येक उत्तराआधी ‘या’ लाव. ‘या, कॉन…’ अशी सुरुवात. आपल्या ‘जी’चं काम तो एवढासा शब्द करतो. तो गाळला की बाकीचं वाक्य कितीही शुद्ध असलं तरी उद्धट वाटतं.

नवऱ्याबरोबरचं वेगळं. तिथल्या रीतीप्रमाणे तो ‘आन्ह’, मोठा दादा, आणि तू ‘एम’, धाकटी बहीण. बायको वयानं मोठी असली तरी बहुतेक घरांत असंच. तुला ते नको वाटत असेल तर माझा काही आग्रह नाही. आपल्या पिढीनं ‘अहो’ सोडून ‘अरे’ धरलं, ते विचार करूनच. दोघांत इंग्रजीच ठेवा. मी सांगतेय ते जिन्याच्या खालच्या मजल्यापुरतं.

खालचा आणि वरचा मजला यातच तुझ्या उघड्या दाराचं उत्तर आहे. हेममधली घरं तीन-चार मीटर रुंद आणि आत लांबच लांब, वर मजले चढवलेली. पुढच्या खोलीत पूर्वजांचा देव्हारा, लाकडी कोच आणि रात्री आत घेतलेल्या मोटरसायकली. ही खोली कागदावर तुमची असली तरी वापरानं अर्धी हेमची. तिला दिवाणखाना समजलीस तर रोज त्रास होईल. ओसरी समज. वाड्यात पडवीवर कोण येऊन बसलं म्हणून आतल्या बाईनं कपाळाला आठी घातली का कधी? पण ओसरीवरचं माणूस माजघरात शिरत नाही, आणि हेममधलं माणूस बोलावल्याशिवाय जिना चढत नाही. अकरा वर्षांत आमच्या जिन्यावर एकही शेजारीण चढलेली मला आठवत नाही. तेव्हा वरची खोली पूर्ण तुझी कर. तिथं कडी लावलेली कुणाला खटकणार नाही. खटकलं ते सर्वांसमोर बाळ ओढून घेऊन आपटलेलं दार.

शिवाय दुपारी बारा ते दोन हेम झोपते. ऑफिसांतही दिवे मालवून माणसं टेबलाखाली चटई अंथरतात. पुण्यात राहिलेल्या तुला दुपारचं एक ते चार समजवायला नको. ते दोन तास कुणी हाक मारत नाही, ते तुझे. त्या वेळात कराडला फोन कर, झोप, काहीही कर, पण घरकाम काढू नकोस.

थाओ दिएनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: यंदा नको. तिथं राहणं वाईट म्हणून नव्हे. बाळ दहा महिन्यांचं आहे, तुला दिवसभर हाताशी माणूस हवं आणि ते माणूस खालच्या मजल्यावर बसलंय. रुसून का होईना, पण बसलंय. पंधराव्या मजल्यावर कुणी तुझं वजन विचारणार नाही हे खरं, पण बाळाला ताप आल्यावर रात्री दोन वाजता तिथं कुणाचं दार वाजवशील? आणि भांडणाच्या शेपटीला धरून घर सोडलंस तर नवऱ्याच्या मनात ते कायमचं ‘आईशी पटलं नाही म्हणून’ असंच राहील. भारतीय मैत्रिणी हव्यात तर त्या घर न सोडताही मिळतील. 22 डिसेंबर 2024 पासून पहिली मेट्रो धावतेय. व्हान थान्ह तुमच्या जवळ पडेल, तिथून तान कांग आणि मग थाओ दिएन, दोनच स्टेशनं. आठवड्यातून एक दिवस बाळाला घेऊन जा, दिवसभर मराठी-हिंदीत बोल, डोसा खा, संध्याकाळी परत ये. सहा महिने मी सांगते ते करून बघ. त्यानंतरही या घरात श्वास कोंडत असेल तर जरूर वेगळं बिऱ्हाड करा, मी तुझ्याच बाजूची असेन. तेव्हा ते घर शांतपणे ठरवून घेतलेलं असेल आणि सासूबाई रविवारी मेट्रोनं तिथं येतील.

आता आईचं. मला तर या भेटीचा आनंदच झाला. पहिला वाढदिवस तिथं केक कापण्यापुरता नसतो. त्याला ‘थोय नोय’ म्हणतात, म्हणजे पाळणा सोडणं. आपण बारशाला बाळाला पाळण्यात घालतो, ते वर्षानं पाळण्यातून बाहेर काढतात. त्या दिवशी बारा ‘बा मूं’ची पूजा असते. बारा सुईणी, बाळाला गर्भात घडवणाऱ्या. त्यांच्यापुढं बारा वाट्या गोड ‘चे’ आणि बारा बशा चिकट भाताचा ‘सोय’ मांडतात. मग बाळापुढं पेन, वही, आरसा, कंगवा, कात्री असलं काय काय ठेवतात आणि ते कशाला हात घालतं ते सगळे बघतात. हे सगळं आईला फोनवर नीट सांग आणि सांगताना सटवाईची आठवण करून दे. पाचवीला कोरा कागद आणि लेखणी ठेवून ज्या बाईनं सटवाईची पूजा मांडली असेल, तिला बा मू समजावून सांगाव्या लागणार नाहीत. बाळ झोपेत हसलं की आपण म्हणतो, सटवाई हसवतेय. तुझ्या सासूला विचार, बाळ झोपेत हसलं की तुम्ही काय म्हणता. ती सांगेल, बा मू शिकवतेय. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दोन्ही आज्यांना पाळण्याशेजारी बसव आणि हे एकमेकींना सांगायला लाव. दुभाषा म्हणून तू मध्ये बस. तीन वर्षं तुला जे अवघडलेपण वाटलं, दोन्हीकडची आणि कुठलीच नसल्याचं, ते त्या खोलीत सगळ्यांना लागणार आहे. तिथं तू नसलीस तर दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत बसतील.

राहिलं जेवण. ‘मांस नको’ असं तिथं कधी सांगू नकोस. मांस नको म्हटलं की कोळंबी येते. शब्द आहे ‘चाय’, आपल्या हिंदीतल्या चहासारखाच उच्चार. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी जेवणं. तुझ्या घरात नुओक मामशिवाय काही शिजत नाही म्हणतेस, पण नीट आठव. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, ज्याला ते ‘राम’ म्हणतात, सासूबाई चाय करत नाहीत का? बौद्ध वळणाच्या पुष्कळ घरांत करतात. बाजारात त्या दिवशी टोफू लवकर संपतो, चाय खाणावळींत गर्दी होते. कडक पाळणारे कांदा-लसूणही टाळतात. हे तर तुझ्या आईच्या चातुर्मासाच्या ओळखीचं. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्यांचा पंधरावा आपल्या पौर्णिमेच्या आसपास येतो आणि एकादशी त्याच्या चार-पाच दिवस आधी. तू आईच्या मुक्कामाचे दिवस कॅलेंडर समोर ठेवून ठरव. सासूबाईंच्या हातचं तिचं पहिलं जेवण ‘राम’च्या किंवा पहिल्या दिवसाचं असू दे. त्या दिवशी भांडी आधीच चाय असतात, आईला शंका घ्यावी लागणार नाही आणि सासूला आपल्यासाठी वेगळा खटाटोप पडला असं वाटणार नाही. एरवीसाठी एक पातेलं आणि एक कढई आईची म्हणून वेगळी ठेव, नुओक मामच्या जागी सोयाबीनचा ‘नुओक तुआंग’ आण. एकदा मारिअम्मन देवळातही घेऊन जा तिला. बेन थान्ह बाजाराजवळ, त्रुओंग दिन्ह रस्त्यावर आहे. तमिळ लोकांनी बांधलेलं, पण रांगेत व्हिएतनामी माणसंच जास्त दिसतील. ते त्याला ‘चुआ बा आन’ म्हणतात, भारतीय देवीचं देऊळ.

थोय नोयला जवळची माणसं बाळाला सोन्याची अंगठी घालतात. तिचं वजन ‘ची’त मोजतात, एक ‘ची’ म्हणजे 3.75 ग्रॅम. कुणी काय दिलं ते लिहून ठेव. आहेराची वही तिथंही मनात चालू असते आणि परतफेडीची वेळ आली की सगळ्यांना सगळं आठवतं.

लेक तुला आई म्हणेल का? म्हणेल, तू स्वतःला आई म्हणत राहिलीस तर. इथंही तोच नियम. तिच्याशी बोलताना ‘मी देते’ म्हणू नकोस, ‘आई देते’ म्हण. तिथल्या बायका लेकरांशी असंच बोलतात, ‘मा देते, कॉन खा’. आपल्याही घरांत तान्ह्याशी असंच बोलतात, फक्त मूल मोठं झालं की आपण सोडून देतो. तू सोडू नकोस. मराठी तिला तुझ्याकडूनच मिळणार आहे, म्हणून तिच्याशी एकही वाक्य इंग्रजीत बोलू नकोस. व्हिएतनामी तिला हेम शिकवेल, फुकट आणि माझ्या-तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. सासूबाई तिला ‘थुआंग’ करतात, हा शब्द तूही शिक. दक्षिणेत घरच्या माणसांत प्रेमासाठी हाच शब्द येतो, आणि मराठीत मला त्याला ‘माया’ याहून जवळचा शब्द सापडलेला नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तारीख जवळ आहे म्हणून सांगते. भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 प्रमाणे परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदवताना बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. म्हणजे तिला व्हिएतनामी पासपोर्ट काढायचा आणि पुढं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं, कार्ड घ्यायचं, की भारतीय नागरिकत्व नोंदवायचं, हे तुम्ही दोघांनी या दोन महिन्यांत ठरवायला हवं. सायगॉनमध्ये भारताचं महावाणिज्य दूतावास आहे, याच आठवड्यात जाऊन विचार. आणि 1 जुलै 2025 पासून तिथले ‘क्वान’ म्हणजे जिल्हे कागदोपत्री रद्द झाले आहेत. माणसं अजून बिन्ह थान्हच म्हणतात, पण जुन्या आणि नव्या कागदांवर पत्ता वेगळा दिसेल. दोन्हीच्या प्रती बरोबर ने.

आता आजचं काम. नवऱ्यानं सासूबाईंना ते एक वाक्य सांगितलं की तू खाली जा. मोठी माफी मागू नकोस, तिथं ती कुणाला सोसत नाही. पपई कापून त्यांच्यापुढं ठेव आणि म्हण, ‘या, कॉन सिन लोय, मा.’ लेकराचं चुकलं, आई. ‘मा’चा सूर वर. मग नारळाच्या दुधात तांदळाची खीर कर, गूळ घालून, वेलदोडा कमी. त्यांच्या ‘चे’च्या जवळची आहे, परकी लागणार नाही. वाडगा भरून, बाळाला काखेत घेऊन समोरच्या दारात जा. दुपारी झोपेच्या वेळी नको, चारनंतर. दोन्ही हातांनी द्यायचं असतं, म्हणून बाळाला आधी यी साऊंच्या मांडीवर ठेव. ‘या, कॉन मोय यी साऊ’, म्हणजे ‘घ्या, यी साऊ’, एवढंच म्हण आणि त्या खाईपर्यंत तिथल्या बुटक्या स्टुलावर बसून राहा. त्या पुन्हा बाळाचा गाल ओढतील आणि तेच म्हणतील. या वेळी तूही म्हण, ‘थाय घेत.’